आगमनकाळ आम्हाला परत द्या : आमच्या धर्मग्राम परिषदेला खुले पत्र

वसई, ३ डिसेंबर २०२५
संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण

आदरणीय फादर आणि धर्मग्राम परिषदेचे सर्व सदस्य,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

रविवारी, ३० नोव्हेंबरला, आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे चार आठवडे, सुरू झाला. सातच्या मिस्सेच्या उपासनेत हिरव्या चक्रावरची पहिली जांभळी मेणबत्ती पेटली. यशयाचं वाचन झालं, तलवारी ठोकून नांगराचे फाळ करण्याचं. शेवटच्या आशीर्वादाआधी सूचना वाचल्या गेल्या. लोक बाहेर पडले तरी मी बाकावरच बसून राहिले.

आगमनकाळातली एक दिवसाची रिट्रीट, शांत बसून प्रार्थना आणि मनन करायची, यंदा नाही, कारण १४ तारखेला हॉल आणि मैदान दोन्ही अडकलं आहे. बाहेरचे धर्मगुरू बोलावून होणारा पापनिवेदनाचा कार्यक्रम नाही. ज्यांना पापनिवेदन करायचं आहे त्यांनी २४ तारखेला संध्याकाळी पाच ते सहा या वेळात यावं. कॅरल गाणारी मुलं घरोघर जाणार नाहीत, ‘वातावरण बरोबर नाही’. वीटभट्टीवरच्या कुटुंबांसाठी तांदूळ आणि चादरी गोळा करणं बंद. आणि १३ व १४ डिसेंबरला ख्रिसमस कार्निव्हल : ऑर्केस्ट्रा, डीजे, खाण्याचे स्टॉल, लकी ड्रॉ, ख्रिस्तजन्माच्या गोठ्यांच्या देखाव्यांच्या स्पर्धेचा निकाल.

मी या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या पॅरिशमध्ये, सत्तावीस वर्षं रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. माझा बाप्तिस्मा शेजारच्या धर्मग्रामात झाला, लग्न होऊन इथे आले, नवऱ्याला इथल्याच दफनभूमीत ठेवलं. नोव्हेंबरच्या मध्यावर या निर्णयांची कुणकुण लागली तेव्हा मी परिषदेला साधं, खासगी पत्र दिलं होतं. ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढंच उत्तर आलं, तेही तोंडी. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. परिषदेतले निम्मे लोक माझ्या वर्गात शिकून गेलेले आहेत. कुणाच्याही हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हे वर्ष कसं गेलं ते आपण सगळे जाणतो. १७ जुलैला गाझातल्या एकुलत्या एक कॅथलिक चर्चवर मारा झाला आणि तिघांचा जीव गेला. पोप फ्रान्सिस रोज संध्याकाळी फोन करून विचारपूस करायचे ते हेच चर्च. ते स्वतः २१ एप्रिलला आपल्यातून गेले होते. आठवड्याभराने, २५ जुलैला, छत्तीसगडमधल्या दुर्ग स्टेशनवर दोन धर्मभगिनींना अटक झाली, मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपावरून. २ ऑगस्टला त्यांना जामीन मिळाला. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून घर सुटलेली माणसं अजून छावण्यांत आहेत. हे सगळं मोबाइलवरून आपल्या मुलांपर्यंत रोज पोचतं.

ऑगस्टमध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं. अकरा वर्षांची आहे, वडिलांनी फ्लॅट घेतला म्हणून तिची शाळा बदलली. ‘टीचर, नव्या शाळेत कुणी विचारलं तर आपण ख्रिश्चन आहोत हे सांगायचं ना?’ मला बोचला तो शेवटचा ‘ना’. तिच्या आईने त्या वयात हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तीही माझ्याच वर्गात होती. मी तिला ‘सांगायचं’ म्हणाले. पण एका शब्दाने भीती जात नाही, हे मला कळतं. त्यासाठी आतून काहीतरी तयार व्हावं लागतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे चर्चने आगमनकाळ त्याच तयारीसाठी ठेवला आहे.

म्हणून १४ डिसेंबरची रिट्रीट गेली याचं मला सर्वांत जास्त दुःख आहे. त्या रविवारचं शुभवर्तमान आपण काढून बघावं. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. ज्याने यार्देनेच्या काठावर हजारोंना हाका मारल्या, ज्याने येशूकडे बोट दाखवलं, तोच आता कोठडीतून निरोप पाठवतो : जो येणार होता तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? योहानाच्याही प्रश्नात तोच ‘ना’ आहे. आणि येशू त्याला रागावत नाही. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांना शुभवर्तमान सांगितलं जातं, हे जे दिसतं ते जाऊन त्याला सांगा, असं उत्तर देतो. तुरुंगाचं दार उघडत नाही. योहान तिथेच मारला जातो. तरी त्या रविवारी आपण गुलाबी मेणबत्ती पेटवतो आणि त्याला आनंदाचा रविवार म्हणतो.

हा आनंद कसला, हे समजायला एक सबंध दिवस शांत बसावं लागतं. आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी वांद्र्याच्या रुग्णालयात ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच गेले, वयाच्या ८४ व्या वर्षी. हात थरथरत असल्यामुळे पाणी प्यायला त्यांना नळीचा पेला मागावा लागला होता. ते गेले तेव्हा मी आठवीच्या वर्गासमोर काही बोलू शकले नव्हते. योहानाचं ते शुभवर्तमान हातात असतं तर बोलू शकले असते. त्याच रविवारी याकोबाच्या पत्रातलं वाचन आहे, पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचं. दिवाळीनंतरच्या पावसात ज्यांचं कापलेलं भात भिजलं, अशी घरं आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत. त्यांच्यासमोर ‘धीर धरा’ हे वाचन कसं वाचायचं, हे आपण एकत्र बसून शिकणार होतो. त्याऐवजी त्या दिवशी दुपारी बारापासून साउंड टेस्टिंग आहे.

आता पापनिवेदनाबद्दल. हे मला घरातलं सांगितल्याशिवाय सांगता येणार नाही.

माझे मिस्टर आणि त्यांचे धाकटे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण वाडीचं. बिल्डर आला, सातबाऱ्यावर नावं किती, सही कोणाची आधी, यावरून शब्दाला शब्द वाढला. एकाच विहिरीचं पाणी दोघांच्या केळींना जायचं. एकाच मिस्सेला दोघे दोन दारांनी आत यायचे. वसईत अशी किती घरं आहेत ते फादर, आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. २०१६ च्या आगमनकाळात इथे बाहेरून आठ धर्मगुरू आले होते. बाहेरचे, म्हणून मिस्टर गेले. ओळखीच्या फादरांसमोर त्यांची जीभ उचलली नसती. रांगेत दीड तास उभे राहिले. घरी येऊन जेवले नाहीत, सायकल काढली आणि भावाच्या ओट्यावर जाऊन बसले. काय बोलले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या नाताळला अकरा वर्षांनी दोन्ही घरच्या करंज्या एका ताटात आल्या. पुढच्या फेब्रुवारीत मिस्टर गेले. शवपेटीला पहिला खांदा धाकट्या भावाचा होता.

२४ तारखेला पाच ते सहा, एक धर्मगुरू, आणि सहा वाजता आल्टरवर फुलं लावणाऱ्यांची घाई. त्या एका तासात माझे मिस्टर रांगेत उभे राहिले नसते. आज ज्यांच्या घरी तसं भांडण आहे, तेही राहणार नाहीत. हॉलची बुकिंग, लाइटवाल्याची तारीख, स्पॉन्सरचं बॅनर यांसाठी परिषदेच्या चार बैठका झाल्या. पापनिवेदनाला दोन संध्याकाळी मिळू नयेत, हे मला मान्य होत नाही.

कॅरलचा निर्णय भीतीपोटी झाला आहे आणि ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी एका कॉम्प्लेक्सच्या गेटवर मी मुलांसोबत होते. चार जण पुढे आले, मोबाइलवर चित्रण करू लागले, ‘कोणाची परवानगी आहे’ म्हणून विचारू लागले. बारा-तेरा वर्षांची पोरं, हातात गिटार आणि पुठ्ठ्याचा तारा. एका मुलाने तो तारा पाठीमागे लपवला. वर्ष झालं, तो लपवलेला तारा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पण त्याच रात्री पुढच्या आळीत काय झालं, तेही परिषदेत कुणीतरी सांगायला हवं होतं. आमच्या समोरच्या वहिनी दरवर्षी कॅरलवाल्यांसाठी अंगणात रांगोळी काढतात. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून, नाताळचे तळलेले फुगे आमच्याकडून, हे तीस वर्षं चाललं आहे. गेटवरचा प्रकार ऐकून त्या मुलांबरोबर पुढची सहा घरं चालल्या. सध्या त्यांचे मार्गशीर्षातले गुरुवार सुरू आहेत. उपवास, घट, संध्याकाळी आरती. परवा मला सहज म्हणाल्या, ‘टीचर, तुमचाही हा वाट बघायचा महिना ना? तुमचा उपवास कधी असतो?’ मी त्यांना कार्निव्हलचं पत्रक दाखवू शकले नाही.

संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्म आचरण्याचा हक्क सगळ्यांना सारखाच दिला आहे. तो हक्क गाजवायला जा, असं मी म्हणत नाही. जी घरं बोलावतात तिथे जाऊ या, एवढंच म्हणणं आहे. मैदानावरच्या डीजेसाठी आपण पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. तोच कागद बारा मुलांच्या गाण्यासाठी देता आला असता.

चौथी गोष्ट वीटभट्टीची. जव्हार-मोखाड्याकडची कातकरी आणि वारली कुटुंबं दिवाळीनंतर घराला कडी घालून भट्ट्यांवर येतात, वसईच्या पूर्वेला, भिवंडीकडे, वाड्याकडे. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला. बायका दिवस भरलेले असतानाही येतात, कारण मागे ठेवायला कुणी नसतं. विटांच्या कुडाला वर पेंढा, डिसेंबरची थंडी, आणि बाजूला भट्टीचा धूर. नावनोंदणीसाठी मरियेला घेऊन बेथलेहेमला निघालेल्या योसेफाची गोष्ट मी वर्गात सांगते, तेव्हा मुलांना यापेक्षा जवळचं चित्र मी देऊ शकत नाही. म्हणून आमच्या वर्गाची रीत होती : आगमनकाळात रोज सकाळी तांदूळ धुवायच्या आधी एक मूठ बाजूला काढायची, चौथ्या रविवारी डबा वेदीसमोर आणायचा.

‘वाटप म्हटलं की धर्मांतराचा आरोप येईल,’ असं बैठकीत म्हटलं गेलं. हा धोका खरा आहे आणि दुर्गच्या बातमीनंतर तो आणखी खरा वाटतो. यावर मी खूप विचार केला. माझं म्हणणं असं : आपण बॅनर नेऊ नये, फोटो काढू नये, क्रूसाचं चिन्ह किंवा प्रार्थनेचं पान देऊ नये. तांदूळ आणि चादरी तिथल्या साखरशाळेसारख्या भट्टीशाळेच्या शिक्षकांकडे किंवा आरोग्य केंद्रातल्या आशाताईंकडे सोपवाव्यात. आपलं नावसुद्धा कुणाला कळायला नको. एवढं करूनही कुणी बोट दाखवलं तर मी स्वतः जाऊन उत्तर देईन. पण भुकेल्याला द्यायचं की नाही हे आपण घाबरून ठरवलं, तर चोविसाच्या रात्री गोठ्यासमोर मी मुलांना काय सांगू?

गोठ्याबद्दल थोडंच लिहिते. संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेच्चो गावात खऱ्या गवतावर, बैल आणि गाढव आणून गोठा उभा केला, तो लोकांना देवाची गरिबी डोळ्यांनी दिसावी म्हणून. आपल्या स्पर्धेच्या नियमांत ‘परीक्षणाच्या दिवशी गोठा बाळासह पूर्ण असावा’ असं छापलं आहे, आणि परीक्षण १२ तारखेला आहे. तेरा दिवस आधी बाळ ठेवायचं. रिकामी गव्हाण दाखवून ‘अजून यायचा आहे’ असं लहान मुलाला सांगण्यात जी शिकवण आहे ती त्या एका ओळीने गेली. आगमनकाळात वेदीवरची फुलंसुद्धा बेताची असावीत असा चर्चचा नियम आहे, जन्माचा पुरता आनंद आधीच उधळला जाऊ नये म्हणून. चार रविवार आपण ग्लोरिया, म्हणजे मिस्सेतलं देवाच्या गौरवाचं गीत, गात नाही. चोविसाच्या रात्री तो पुन्हा सुरू होतो, घंटा वाजतात, तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो, कारण मधले चार रविवार तो ऐकलेला नसतो.

मी उत्सवाच्या विरोधात नाही. आमच्याकडे नाताळला अंगणात माणसं मावत नाहीत. फुग्यांचं पीठ मीच भिजवते, आणि तरुणांनी नाचावं असं मला मनापासून वाटतं. नाताळकाळ पंचवीसला सुरू होतो आणि यंदा प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे ११ जानेवारीपर्यंत चालतो. अठरा दिवस आहेत. आगमनकाळात आपण लग्नं काढत नाही, साखरपुड्याचं जेवणही पुढे ढकलतो. मग धर्मग्रामाच्याच मैदानावर ऑर्केस्ट्रा याच दिवसांत का?

२०२३ साली गाझात युद्ध पेटलं तेव्हा जेरुसलेममधल्या ख्रिस्ती धर्मप्रमुखांनी आपल्या लोकांना त्या वर्षी सजावट आणि जल्लोष बाजूला ठेवायला सांगितलं. बेथलेहेमच्या चौकात झाड उभं राहिलं नाही. मिस्सा मात्र झाली, प्रार्थना झाल्या. संकट आलं तेव्हा त्यांनी रोषणाई सोडली आणि प्रार्थना धरून ठेवली. आपल्याकडे यंदा रोषणाई राहिली आणि रिट्रीट, पापनिवेदन, कॅरल, मूठभर तांदूळ गेले. फादर, मला याच एका गोष्टीने झोप लागत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. कार्निव्हल २७ आणि २८ डिसेंबरला किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घ्यावा; लाइटवाले आणि स्टॉलवाले आपल्याच गावचे आहेत, त्यांच्याशी बोलायला मी सोबत येते. १४ डिसेंबरची रिट्रीट व्हावी. हॉल मिळत नसेल तर देवळातच, मिस्सेनंतर दुपारपर्यंत. जेवण प्रत्येकाने घरून आणावं. पापनिवेदनासाठी १५ तारखेच्या आठवड्यात दोन संध्याकाळी मिळाव्यात, बाहेरच्या धर्मगुरूंसह. आणि जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांची यादी आमचे लघु समूह देतील, त्यांच्याकडे कुणीतरी जावं. कॅरलच्या मुलांना बोलावणाऱ्या घरी जाऊ द्यावं, बरोबर मोठी माणसं, माइक नाही, रात्री नऊच्या आत परत, पोलीस ठाण्याला लेखी कळवून. तांदळाचा डबा चौथ्या रविवारी वेदीसमोर येऊ द्यावा. आणि गोठ्याच्या नियमातली ती ओळ काढावी, परीक्षण बाळाशिवाय करावं.

यातली एखादी गोष्ट यंदा होण्यासारखी नसेल तर तसं कारणासह कळवावं. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर मी स्वीकारणार नाही. सत्तर-ऐंशी वयाची जी माणसं पापनिवेदनासाठी काठी टेकत येतात, त्यांच्यातल्या सगळ्यांना पुढचं वर्ष मिळेलच असं नाही.

सोमवारी ८ तारखेला निष्कलंक गर्भसंभवाचा सण आहे. त्या संध्याकाळच्या मिस्सेनंतर परिषदेने लोकांना भेटावं अशी विनंती आहे. मी येईन, आमच्या आळीतल्या आणखी काही जणी येतील. त्याआधी येत्या रविवारी दुसरी मेणबत्ती पेटवायची पाळी माझ्या वर्गाची आहे. काडी त्या मुलीच्या हातात असेल, जिने मला ऑगस्टमध्ये तो प्रश्न विचारला होता.

आपली नम्र,
रविवारच्या वर्गाची एक धर्मशिक्षिका